जुना गिलावा काढायचा, पण भिंत राखून

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हाला बघता येईल. रत्नागिरी तालुक्यात तुमच्या आजोबांनी १९५० च्या सुमारास बांधलेलं चिऱ्याचं कौलारू घर आहे. चिरे मातीत बसवलेले, वरून चुन्याचा गिलावा. १९८८ साली वडिलांनी त्या चुन्यावरच बाहेरून सगळीकडे सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं. आता पश्चिमेच्या भिंतीचं प्लास्टर फुगलंय, जोत्यापासून कमरेपर्यंत पोपडे सुटतायत आणि आतल्या खोलीत पावसाळाभर ओल असते. एक काँट्रॅक्टर म्हणतो, ब्रेकर, म्हणजे फोडायचं यंत्र, लावून चार दिवसांत चारी भिंती सोलून देतो आणि वॉटरप्रूफिंगचं केमिकल घालून नवं प्लास्टर मारतो. शेजारचे म्हणतात, काढताय कशाला, जाळी ठोका आणि त्यावरच थर द्या. आणि तुमच्या स्वतःच्या मनात आहे की गिलावा निघालाच तर चिरा उघडा ठेवावा.

मी सत्तावीस वर्षं रत्नागिरी-सिंधुदुर्गात जुन्या घरांची दुरुस्ती करतो आहे. भिंत न बघता ठाम सांगता येणार नाही अशा काही गोष्टी यात आहेत, त्या जिथे येतील तिथे सांगतो. पण ब्रेकर आणि जाळी, या दोन्हींना माझा स्पष्ट नकार आहे. का, ते समजून घ्यायचं तर आधी हे प्लास्टर सुटलं कशामुळे ते बघू.

चिरा म्हणजे जांभा दगड, आणि जांभा पाणी पितो. त्याला भोकं असतात, ती आतपर्यंत गेलेली असतात. मातीच्या दरजाही, म्हणजे दोन चिऱ्यांमधले सांधेही, पाणी पितात. जुन्या लोकांना हे माहीत होतं, म्हणून त्यांनी वरून चुना दिला. चुना भिंतीतली ओल बाहेर सोडतो. पावसाळ्यात भिंत भिजायची आणि दिवाळीनंतर हळूहळू सुकायची. सिमेंटचं कडक प्लास्टर आलं आणि हा बाहेर पडायचा रस्ता बंद झाला. त्यात हे प्लास्टर बहुतेक एकास तीन किंवा एकास चारच्या मालाचं (एक भाग सिमेंट, तीन किंवा चार भाग वाळू) असतं, ते आकसतं आणि केसासारख्या भेगा पडतात. आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे, आणि पश्चिमेची झड थेट भिंतीवर. पाणी भेगेतून आत शिरतं आणि मागे अडकतं. मधला चुन्याचा थर वर्षानुवर्षं ओला राहून भुसभुशीत होतो. पाण्याबरोबर विरघळलेले क्षार वर येऊन तिथेच साठतात, सुकताना फुगतात आणि थर ढकलतात. तुमच्याकडे जे पोपडे निघतायत त्यांच्या मागच्या बाजूला पांढरी पूड दिसत असेल तर तो लोणा. चिमटीत घेऊन बघा, पिठासारखी लागेल.

म्हणजे आज ते प्लास्टर भिंतीला धरून नाही, बऱ्याच ठिकाणी ते नुसतं एकसंध आहे म्हणून उभं आहे. आता शेजाऱ्यांचा सल्ला बघा. २० मिलिमीटर जाडीच्या थराचं वजन चौरस मीटरला साधारण चाळीस किलो भरतं. जे स्वतःच सुटलंय त्याच्या अंगावर हे आणखी चाळीस किलो टांगायचे आणि जाळीचे खिळे मातीच्या दरजेत ठोकायचे. दोन-तीन पावसाळे छान दिसेल. मग पडेल तेव्हा मोठा पत्रा पडावा तसं एकदम पडेल, आणि खाली पडवीत कोण बसलेलं असेल सांगता येत नाही.

ब्रेकरचं मी अनुभवावरून सांगतो. धंद्यात नवा असताना राजापूर तालुक्यातल्या एका घरी मीच ब्रेकर लावू दिला होता. सकाळी काम झपाट्याने झालं. दुपारी माणसं जेवायला उतरली आणि मी भिंतीच्या कडेने फिरत होतो. खिडकीखालच्या एका दरजेतून माती गळत होती, पोत्याला भोक पडल्यावर धान्य सांडतं तशी, बारीक आणि न थांबता. वरच्या चिऱ्यावर तळहात ठेवला तर चिरा हलला. ओळंबा सोडला, भिंतीला पोट आलं होतं. टेकू लावून चिऱ्यांचे तीन थर उतरवले आणि परत बांधून दिले. खर्च माझा गेला, तो जायलाच हवा होता. पण त्या घरातली म्हातारी माणसं आठ दिवस दुसऱ्याच्या घरी झोपली, ते मला अजून लागतं. मातीत बसवलेल्या भिंतीला हादरा सहन होत नाही. तिथे यंत्राने वाचलेला वेळ भिंतीतून वसूल होतो.

आता काम कसं करायचं ते सांगतो. छिन्नीला हात लावण्याआधी घराभोवती एक फेरी मारा आणि पाणी कुठून येतंय ते शोधा. कौलं सरकलीत का, पन्हळ गळतेय का, पागोळ्या जोत्याला लागून पडतात का. आणि सगळ्यात आधी अंगणाची उंची बघा. गेल्या वीस वर्षांत खळ्यात कोबा किंवा पेव्हर ब्लॉक घालायची पद्धत आलीय. दर वेळी पातळी चार-सहा इंच वर येते, जोतं बुडतं, आणि पागोळ्यांचे शिंतोडे थेट भिंतीवर उडतात. तुम्ही लिहिलंय की पोपडे जोत्यापासून कमरेपर्यंत आहेत. माझा पहिला संशय तिथेच जातो. तसं असेल तर भिंतीलगत दीड-दोन फुटांचा कोबा काढून, चर मारून त्यात खडी भरा आणि पाणी लांब न्या. हे न करता केलेला कोणताही गिलावा, चुन्याचा असो की सिमेंटचा, पुन्हा तिथूनच सुटेल.

दुसरं, भिंत वाजवून बघा. सकाळी शांत वेळी, हातोडीच्या लाकडी दांड्याने वीतभर अंतरावर हलकेच ठोकत जा. धरलेलं प्लास्टर खणखणीत वाजतं, सुटलेलं बद वाजतं. बद जागेभोवती खडूने रेघ ओढा. दोन तासांत एका भिंतीचा नकाशा डोळ्यांसमोर येतो. मग नमुन्यासाठी दोन-दोन फुटांचे चार चौकोन उघडा: एक पश्चिमेला जोत्याजवळ, एक खिडकीच्या खाली, एक वळचणीखाली जिथे पाऊस लागत नाही, आणि एक पूर्वेच्या भिंतीवर जिथे आवाज चांगला येतोय.

हे चार चौकोन तुम्हाला पुढचं सगळं सांगतील. सिमेंटचा थर पापडासारखा निघाला आणि मागे चुना शाबूत राहिला, तर तुमचं नशीब चांगलं. सिमेंटबरोबर चुनाही आला पण चिरा कोरा राहिला, तरी हरकत नाही, बहुतेक घरांत असंच होतं. पण थराबरोबर चिऱ्याचं तोंडच सोलून यायला लागलं, तर तिथे थांबा. त्या जागी सिमेंट भिंतीला खरोखर धरून आहे, ते ओढून काढलंत तर चिऱ्याची कडक झालेली बाहेरची साल जाईल. जांभा खाणीतून निघताना मऊ असतो, हवा लागून वरून कडक होत जातो. सत्तर वर्षांत तयार झालेली ती साल घालवू नका. असा पट्टा राहू द्यायचा, कडा नीट कापून घ्यायच्या आणि सुटलेल्या भागापुरतंच काम करायचं. पूर्वेची भिंत खणखणीत वाजत असेल आणि आत ओल नसेल तर तिला या वर्षी हातही लावू नका. चारी भिंती सोलायलाच हव्यात असं काही नाही.

काढायला गवंडी हातोडी-छिन्नीवालाच घ्या. छिन्नी रुंद, चपट्या पात्याची. टोकदार छिन्नी नको, ती चिऱ्यात खड्डे पाडते. छिन्नी भिंतीला जवळजवळ चिकटवून, तिरकी धरायची. बद भागाच्या कडेपासून आत शिरायचं आणि थर उचकटायचा. काटकोनात धरून घाव घालणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा. काम वरून खाली. बद आणि चांगला भाग जिथे मिळतो तिथे ग्राइंडरने आधी रेघ कापून घेतली तर चांगला भाग उचकटत नाही. ग्राइंडरची खोली मात्र थराच्या जाडीपेक्षा थोडी कमीच ठेवा, चाक चिऱ्याला लागता कामा नये. परांची दोन्ही बाजूंनी स्वतःच्या खांबांवर उभी राहणारी बांधा, भिंतीत भोकं पाडून आडवे बांबू घुसवू देऊ नका.

एका वेळी एकच भिंत उघडा. कोपरे आणि दारा-खिडक्यांच्या वरचा भाग शेवटी. चौकटीवरची लाकडी पाटली उघडी पडली की तिथे वाळवी आहे का बघा, पेचकस टोचून. आत सहज गेला तर गिलाव्याचं काम थांबवून आधी टेकू द्या आणि पाटली बदला. भिंतीला आरपार भेग किंवा पोट दिसलं तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, गवंड्याच्या अंदाजावर पुढे जाऊ नका.

धुळीकडे कोणी लक्ष देत नाही, म्हणून सांगतो. प्लास्टर फोडताना आणि विशेषतः ग्राइंडरने कापताना वाळूची अगदी बारीक भुकटी उडते. ती फुप्फुसात साठते आणि सिलिकोसिस होतो, तो बरा होत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल काही थांबवत नाही. एन-९५ मास्क आणि डोळ्यांना चष्मा कामगारांना तुम्ही स्वतः आणून द्या, काँट्रॅक्टर देईल म्हणून थांबू नका. कापताना पाण्याचा बारीक फवारा धरायचा, पण भिंत भिजेल इतका नाही. खिडक्या-दारांचा जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून आली, त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. घरात लहान मूल असेल तर हे फार महत्त्वाचं आहे. भिंतीवरची वायर, मीटरची जोडणी आधी वायरमनकडून बंद करून घ्या.

राडारोड्याचा अंदाज तुम्हाला असावा. हजार चौरस फूट भिंत, २० मिलिमीटर थर म्हणजे जवळजवळ १.९ घनमीटर, साडेतीन टनांच्या वर माल. तो जोत्याला टेकवून ठेवू नका, पहिल्याच पावसात त्यातले क्षार भिंतीत परत जातील. व्हाळात तर अजिबात नको. पाणंदीतले खड्डे भरायला ग्रामपंचायतीला विचारून देता येतो.

मागच्या वर्षी गुहागरकडच्या एका घरी असंच सिमेंट उतरवत होतो. वळचणीखालचा चुना इतका घट्ट होता की छिन्नीला दाद देईना. तिथे कडेला चुन्याचे हात एकावर एक स्पष्ट दिसत होते: पांढरा, फिकट निळीचा, पिवडीचा, परत पांढरा, सगळे मिळून जेमतेम दोन मिलिमीटर. घरातली आजी बाहेर आली, तिने निळ्या रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, हा हात माझ्या लग्नाच्या वर्षीचा. तो चुना आम्ही काढला नाही. नुसता कोरड्या ब्रशने झाडला, कडा चुन्यानेच जुळवल्या आणि त्यावर तीन हात चुना दिला. जिथे जुना चुना असा धरून असेल तिथे तो ठेवा. त्याच्याइतकं भिंतीला जुळणारं दुसरं काही तुम्हाला आज बाजारात मिळणार नाही.

गिलावा निघाला की लोकांना घाई होते. या टप्प्यावर थांबणं हेच काम आहे. उघडी भिंत सुकू द्या. वर येणारा लोणा कोरड्या ब्रशने झाडून सुपडीत गोळा करून लांब टाका, पाण्याने धुऊ नका, नाहीतर तो परत आत जातो. आठ-दहा दिवसांनी परत येईल, परत झाडा. भिंत सुकली का ते बघायला दोन फुटांचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी टेपने चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. आतून थेंब दिसले तर अजून वेळ आहे. माझ्या अनुभवात दिवाळीनंतर उघडलेली चिऱ्याची भिंत फेब्रुवारीपर्यंत कामाजोगी होते. म्हणून वेळापत्रक असं धरा: नोव्हेंबर-डिसेंबरात काढणं, फेब्रुवारी-मार्चमध्ये नवा गिलावा, एप्रिलअखेर सगळं आटोपलेलं. मेमध्ये वळीव येतो, तेव्हा उघडी मातीची दरज बाहेर नको.

नवा गिलावा कसला, हे थोडं तुमच्याकडे गवंडी कसा मिळतो यावर आहे. नियम एकच धरा, गिलावा भिंतीपेक्षा मऊ हवा. झिजायचं तर त्याने झिजायचं, चिऱ्याने नाही. चुन्याचं काम येणारा गवंडी मिळाला तर कळीचा चुना पाण्यात विरवून निदान काही आठवडे मुरवा. एक भाग चुना, एक भाग विटांची सुरखी (भुकटी), दोन भाग चाळलेली वाळू. समुद्राची वाळू नको. जुने गवंडी गूळ-हिरड्याचं पाणी घालतात, मीही घालतो, माल थापीला छान चालतो. पण चुना नीट मुरलेला नसेल तर गुळाने ते भागत नाही. दरजा आधी अर्धा इंच आत खरवडून, चुन्याच्या मालाने भरून घ्या. मग पहिला हात १२ मिलिमीटर, तो घट्ट झाला की दुसरा सहा-आठ. भरउन्हात करू नका, ओलं गोणपाट टांगा आणि आठ-दहा दिवस हलका शिडकावा ठेवा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड होतो, त्याला घाई चालत नाही.

असा गवंडी नाहीच मिळाला, तर एक सिमेंट, दोन चुना, नऊ वाळू या मालावर मी तडजोड करतो. हे शुद्ध चुन्याइतकं चांगलं नाही, पण एकास तीनच्या सिमेंटपेक्षा कितीतरी मऊ आहे आणि कोणताही गवंडी ते करू शकतो. वॉटरप्रूफिंगचं केमिकल आणि रबरासारखा ताणला जाणारा बाहेरचा रंग, दोन्ही नको. त्यांनी परत तोच दरवाजा बंद होतो. रंग चुन्याचाच द्या.

उघड्या चिऱ्याचं म्हणाल तर मला स्वतःला तो फार आवडतो, पण चिरा तेवढा चांगला हवा. पांढऱ्या मातीचे खिसे असलेला मऊ चिरा पावसात झिजतो. नमुन्याच्या चौकोनात नखाने ओरखडा काढून बघा. माती सुटली तर तो झाकायलाच हवा. चिरा कडक असेल तर पूर्व आणि दक्षिणेच्या भिंती दरजा चुन्याने भरून उघड्या ठेवा. पश्चिमेला मी गिलावाच देईन. तरीही ती भिंत उघडी ठेवायचीच असेल तर वळचण दीड-दोन फूट पुढे काढा, नाहीतर पूर्वी बांधायचे तसे पावसाळ्यात माडाचे झाप बांधा. त्या झापांनी कोकणातल्या किती भिंती पिढ्यान्‌पिढ्या राखल्यात. चकचकीत व्हार्निश मात्र चिऱ्यावर लावू नका, त्याखाली ओल अडकून पांढरे डाग पडतात.

हे सगळं मातीतल्या चिऱ्याच्या घराला लागू आहे. तुमच्या घराला मागून जोडलेली सिमेंट-काँक्रीटची खोली असेल, म्हणजे १९८८ नंतर बऱ्याच जणांनी काढली तशी, तर तिथे हिशेब वेगळा. सिमेंटात बांधलेल्या विटांवरचं प्लास्टर हलक्या ब्रेकरने काढलं तरी चालतं. पण कॉलमवर उभी सरळ भेग दिसली किंवा तिथेच प्लास्टर फुगलं असेल, तर आतली सळई गंजलेली असते. नुसतं प्लास्टर बदलून ते दुरुस्त होत नाही.

वेळेचा अंदाज: एक गवंडी आणि एक बिगारी, सुटलेला थर असेल तर दिवसाला ऐंशी ते शंभर चौरस फूट काढतात, धरलेला असेल तर तीस-चाळीस. काँट्रॅक्टरशी बोलताना चौरस फुटाच्या दरापेक्षा रोजावर ठरवा. फुटावर ठरलं की माणूस पळतो, आणि इथे पळणारा माणूस नको.

आत्ता एवढं करा: अंगणाची पातळी जोत्याच्या किती खाली आहे ते चारही बाजूंनी मोजा, पश्चिमेची भिंत वाजवून खडूने नकाशा काढा आणि ते चार चौकोन उघडा. मग प्रत्येक चौकोनाचा जवळून फोटो पाठवा, शेजारी मोजपट्टी धरून, आणि निघालेल्या तुकड्याची मागची बाजूही दाखवा. पश्चिमेच्या भिंतीचं किती काढायचं आणि कुठे थांबायचं ते त्यावरून सांगतो.